सोहारच्या अर्जावरचं खोडलेलं नाव

मंडळी, आज रजा टाकून मस्कतहून सोहारला आलो. पप्पा इथल्या तांब्याच्या खाणीत होते. खाण केव्हाच बंद झाली, पण माझा बाप्तिस्मा इथल्याच चर्चमधला.

फादरनी जुन्या फायलीतून माझा अर्ज काढून दिला. गॉडफादरच्या, म्हणजे धर्मपित्याच्या, रकान्यात पप्पांच्या अक्षरात 'इब्राहिम, रत्नागिरी'. ते खोडून खाली दुसऱ्याच हस्ताक्षरात वसईच्या काकांचं नाव.

इब्राहिमचाचा पप्पांचे खाणीच्या कॅम्पमधले, लग्नाआधीचे रूम पार्टनर. चर्चमधूनच त्यांना रत्नागिरीला फोन लावला.

"मी म्हटलं होतं रे, मी मुसलमान, फादर नाव खोडतील. तर तुझा बाप म्हणतो, खोडू देत, मी लिहिणार."

पप्पा जाऊन दोन वर्षं झाली.

तुमचा गॉडफादर कोण? माझा मला आज कळला.