बाबांना उभं राहायचं होतं

बाबांना कॅन्सर आहे, हे घरात बाबा सोडून सगळ्यांना माहीत होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोंढा गावाकडचे, धानाची शेती. आजार मणक्यात पसरला होता, पायातली ताकद गेली होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना बाहेर बोलावून सांगितलं, आता बरे होणार नाहीत.

आणि दुसऱ्याच दिवशी वॉर्डात व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या.
"बाबा, घरी जाऊन काय करायचं मनात आहे?"

दादाने घाईने उत्तर दिलं, "आराम करतीन."
"मी त्यांना विचारलं."

दादाने मला व्हरांड्यात ओढलं.
"बरे होत नाही तं व्यायाम कायले? शिकाऊ पोरायले दाखवाले नमुना पाहिजे असन. नाही तं बोलता बोलता सांगून टाकन हे बाई."

मलाही पटलं. तेव्हापासून आमचा पाळीपाळीने पहारा. बाईंजवळ बाबांना एकटं सोडायचं नाही.

एके सकाळी आम्ही सगळे असतानाच बाई बोलल्या.
"चालायचा सराव केला तर दुखेल, दमाल. किती दिवस चालता येईल, सांगू शकत नाही. पलंगावरून खुर्चीत बसायला शिकलात तर त्रास कमी. तुम्ही ठरवा."

"बरे झाले का चालतीनच," दादा मध्येच म्हणाला.

बाबा हसले. "मी बरा नाही होत, बापू. मले मालूम आहे."

दादाची नजर थेट बाईंवर. "कोणं सांगतलं?"

"तुह्या मायनं."

आई दचकली. "मी कवा बोलली?"

"तेच तं. किती दिवस झाले, एक शिवी नाही देली तुनं मले."



मग बाबा बाईंकडे वळले. "चालणं राहू द्या. पोळ्याले मले माह्या जोडीजवळ उभं राहाचं आहे. तेवढं शिकवा."

पोळ्याला बैलगाडीतून, आमच्या बंडीतून नेलं; त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणून आम्ही भावांनीच ओढली. गावच्या बैलजोड्या तोरणाखाली रांगेत लागल्या. बाबा उभे राहिले. एका हातात काठी, दुसरा बैलाच्या वशिंडावर.
मागे दादा, दोन्ही हात पसरून.

"हात काढ. मी का बैल आहो, पळून जाले?"

तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत उभे होते.

बंडीत बसवलं तर धोतर चिखलाने भरलेलं. आई कडाडली, "आता हे धुवाले तुमचा बाप येते का?"

बाबा डोळे मिटून हसत राहिले.

दिवाळीआधी गेले. आज पुण्यतिथी.

दादा अजूनही म्हणतो, त्या बाईनंच सांगतलं असन.
दादा पहाऱ्यावरून चहाला उठत होता, असा माझा संशय आहे.

बाबा, पुढचं ठरवताना देवानेही आधी तुम्हालाच विचारलं असावं, एवढीच प्रार्थना.
दंडवत.