तिला विचारतात

कांद्याच्या ओल्या पातीचा उग्र वास आला की मला महाळुंगे पडवळचं आमचं शेत आठवतं, आणि क्रेटला टेकवलेला माझा तडा गेलेला मोबाइल. कांदे काढून झाले होते. आम्ही सहाजणी ओळीनं बसून विळ्यानं पाती छाटत होतो आणि एकीकडं पिक्चर बघत होतो. आधी दोघांचं भांडण, मग प्रेम, मग गैरसमज, मग विमानतळावर धावाधाव. एवढ्यात चुलते बांधावर आले. "काय येड्यावानी बघताय? शेवटी लग्नच व्हणार, म्हाईत हाय ना?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "उद्या तुला बघायला पावणं येणारेत. तू नुसतं पोहे द्यायचं. बाकी सगळं आमी ठरवलंय." सगळ्यांचे विळे थांबले. मी पुढचा कांदा उचलला, पात छाटली आणि म्हणाले, "नाना, शेवट आमालाबी म्हाईत हाय. पण हितं पिक्चरमदी पोरीला विचारत्यात. ती हो म्हणंपर्यंत सगळी गप उभी राहत्यात. तेवढंच बघायला बसतो आमी. मला कुणी विचारलंय?" चुलते तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा मी शेतातच होते, हात कांद्यात. पुढं ज्यानं मला विचारलं, त्याला मी आठ दिवस थांबवलं. आजही तसला पिक्चर लागला की तो शेजारी बसून शेवट सांगून टाकतो. सांगू दे. हो म्हणायच्या आधी ती पोरगी जराशी थांबते ना, तिथं मी अजून श्वास रोखून धरते.