साडूभाऊंचा कान

आमच्या साडूभाऊंशी खोटं बोलू शकेल असं एकही इंजिन अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात नव्हतं, हे मी पैजेवर सांगतो. माणसं त्यांना खुशाल फसवत, भाजीवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी फसवलंय. पण इंजिनाची काय बिशाद! त्यांचं घराणं मेंढ्या राखणारं. शंभर मेंढ्यांत कोणती खोकली, हे त्यांचे वडील पाठमोरे बसून सांगत. तोच कान लेकाकडं आला आणि लेकानं मेंढ्यांच्या जागी एक जुनी डिझेल जीप पाळली.

पाळली हाच शब्द बरोबर. सकाळी तिच्या बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय साडूभाऊ चहा घेत नसत. धुराचं त्यांचं शास्त्र मला तोंडपाठ झालं होतं. काळा निघाला तर एअर फिल्टर धुळीनं गच्च झालाय, निळा निघाला तर गाडी ऑइल पिऊन राहिलीय, आणि पांढरा थांबेचना तर देवाचं नाव घ्या. इंजिन तापलं की रेडिएटरचं झाकण उघडायला धावणाऱ्या उतावळ्याला ते दटावत, "काहून हात भाजून घेता? अगुदर तिला निवू द्या." आखाडा बाळापूरला एका लग्नात आम्ही पंगतीत बसलेलो, तेवढ्यात रस्त्यावरून कुणाची तरी जीप गेली. साडूभाऊ वरणाच्या हातानंच उठून तिच्यामागं पळाले. "थांबा, मागलं डावं बेअरिंग गेलंय!" ड्रायव्हरनं आधी शिव्या घातल्या, मग चाकाला हात लावला, चटका बसला आणि तो यांच्या पायाच पडला. तोवर त्यांच्या पत्रावळीवरची बुंदी मी संपवली होती.

पुढं त्यांनी नवंच खूळ काढलं. लाकडी मुठीचा लांब पेचकस इंजिनाला टेकवायचा आणि मूठ दातांत धरायची. "कानापक्षा दाताला बराबर समजतं, मास्तर," असं ते म्हणत. मी शाळेत शिकवणारा माणूस, तरी विश्वास ठेवला.

मग त्यांच्या पोरीचा डी.एड.ला नंबर लागला. बाराच्या आत हिंगोलीत कागदपत्रं दाखवायची, नाहीतर जागा दुसऱ्याची. जवळा बाजारहून आम्ही तिघं निघालो. ती बापाशेजारी, मी मागं. औंढ्याच्या अलीकडं इंजिनातून चिर्रर्र आवाज सुरू झाला. मला ऐकू आला म्हणजे बघा, माझा कान तो केवढासा. साडूभाऊ मात्र मजेत कॉलेजबद्दल बोलत होते. आवाज वाढत चालला. मी तोंड उघडणार इतक्यात पोरीनं, खिडकीबाहेर बघतच, त्यांच्या दंडावर दोन बोटं टेकवली.

"ऐकलं का, मास्तर?" साडूभाऊ लगेच म्हणाले. "फॅनचा पट्टा ढिला पडून ओरडून राहिला."

पेचकस दातांत का धरत होते, ते मला तेव्हा उमगलं. समोरून बोललेलं त्यांना कळत होतं, पण बारीक आवाज पार गेले होते. किती वर्षं ही पोरगी त्यांचा कान होऊन बसली होती, कुणास ठाऊक. आणि आता तीच होस्टेलला निघाली होती. दुरुस्तीत मुद्दाम थोडा वेळ काढला असता तर जागा हुकून ती घरीच राहिली असती; हा विचार माझ्या मनात आला, त्यांच्या नाही. त्यांनी डायनामोचा बोल्ट सैल केला, पहारीनं डायनामो रेटून पट्टा ताणला, बोल्ट आवळला, अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला आणि बोटं सोलपटलेल्या हातांनी गाडी अशी हाणली की बाराला दहा कमी असताना पोरगी फाईल घेऊन आत पळाली. जागा मिळाली. काय आनंद झाला त्या माणसाला! कॉलेजच्या वॉचमनलासुद्धा पेढा.

पुढच्या आठवड्यात तिला होस्टेलवर सोडलं, तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं. "काका, एक बोट म्हंजे गिअर, दोन म्हंजे पट्टा, तीन म्हंजे चाक. मी सांगितलं म्हनून बाबाला कळू देऊ नका." परतताना मी तिच्या जागेवर बसलो. सिद्धेश्वरच्या फाट्याजवळ कुठल्याशा चाकातून खरखर यायला लागली. मी घाबरत घाबरत त्यांच्या दंडावर तीन बोटं टेकवली.

साडूभाऊंनी जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"पोरीनं सांगितलं व्हय?"

मी मान डोलावली.

"डावं का उजवं, ते बी तिला समजायचं."

मला समजलं नव्हतं. मग आम्ही दोघंही खाली उतरलो आणि एकेका चाकाला हात लावून बघत जीपभोवती फिरलो.