वस्तादांचं शेवटचं लिंबू

देवळीच्या स्टँडवर चहा प्यायला आता आम्ही दोघंच उरलो, मी आणि गोविंदा. म्हणजे आखाड्यातले. बसलो की वस्तादांचा एखादा किस्सा निघतोच. इतकी वर्षं सांगतोय, संपायला पाहिजेत ना? नाही! एक सांगितला की त्याच्या खालून दुसरा निघतो. हसत सुरुवात करतो आणि चहा तसाच थंड होतो.

पन्नास-बावन्न साल असेल. तलवार-पट्टा शिकवणारा आमच्या भागातला शेवटचा माणूस म्हणजे दगडूजी वस्ताद. मी जिनिंगमध्ये कारकून, गोविंदाचं किराणा दुकान. असे पाच-सहा जण आम्ही सकाळी आखाड्यात जायचो. वस्तादांच्या घराण्याची एक रीत होती. दसऱ्याला चेल्याच्या तळहातावर लिंबू ठेवायचं आणि पट्ट्यानं कापायचं. ज्याच्या हातावर वस्ताद आपलं शेवटचं लिंबू कापतील, त्याला पणजोबाचा पट्टा आणि सगळी विद्या. वस्तादांना मूलबाळ नव्हतं. पट्टा कोणाला द्यावा, हा एकच घोर होता त्यांच्या जिवाला.

कापलेलं लिंबू न्यायला त्यांची बायको, सोनामाय, दारात उभीच असायची. "एवढ्या तलवारी घरात, पण कांदा चिराले एकबी कामाची नाई!" असं म्हणायची आणि लिंबू वरणात पिळायची.

* * *

वस्ताद आधी इतिहास सांगायचे, मग हातात काठी द्यायचे. सरळ पात्याची धोप असते ती भोसकायला. वाकडी तलवार घोड्यावरून ओढत कापायला. आणि पट्टा म्हणजे अख्खा हात कोपरापर्यंत लोखंडी मुठीत, पुढे लांबलचक लवचीक पातं.

गोविंदानं विचारलं, "वस्ताद, तलवार वाकडीच काऊन?"

"तुह्या बापाचा विळा वाकडा काऊन हाये? सरळ विळ्यानं ज्वारी सोंगून पाय!"

"आन् बंदुकीसमोर?"

वस्तादांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "बंदुकीसमोर पळा लागते. थेबी मीच शिकवतो. मार दहा चकरा!"

गोविंदा पळाला, आम्ही पोट धरून हसलो. वस्ताद मात्र हसले नाहीत.

* * *

एकदा कारंज्याची नाटक मंडळी त्यांना घेऊन गेली. लढाईचा सीन बसवून पाहिजे होता. वस्ताद खुश! धुतलेला फेटा बांधून गेले. दोन पावलं, एक चकवा, एक वार. शत्रूचा सरदार आडवा!

मॅनेजर म्हणाला, "वस्ताद, इतक्या लवकर मारू नोका ना! मधात अख्खं गाणं हाये."

"गाणं होईस्तोवर माणूस जिता राह्यते का?"

शेवटी मंडळींनी टिनाच्या तलवारी आणल्या, खणखण वाजणाऱ्या. वस्ताद प्रयोग पाहून परत आले. "टाळ्या लय पडल्या," एवढंच म्हणाले. पुढचे चार दिवस ते आखाड्यात उतरलेच नाहीत.

* * *

मग हत्यारांच्या लायसनची भानगड आली. वस्ताद पट्टा घेऊन ठाण्यात गेले, सोबत आम्ही. जमादार भला माणूस होता. म्हणाला, "हत्यार लिवलं तं जमा करा लागते वस्ताद. आता काय लिवू?" मग त्यानंच डोकं चालवलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'शेतीचे अवजार. मोठा विळा, नग एक.'

आम्ही रस्ताभर हसत आलो. "वस्ताद, पट्टा वाचला!"

"हो. वाचला," वस्ताद म्हणाले.

सोनामायनं नंतर सांगितलं, दोन दिवस माणूस जेवला नाही.

* * *

खरा हात आमच्यात एकाचाच होता, श्रावणचा. शेतमजुरी करायचा, पण मनगट असं की त्यानं पट्टा फिरवला तर पातं दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. वस्तादांनी मनाशी ठरवलं होतं, पट्टा श्रावणलाच. आणि छप्पन सालच्या दसऱ्याला लिंबू आणलं तर श्रावणच नाही! धम्मदीक्षा घ्यायला नागपूरला गेला होता.

चार दिवसांनी तो आला. म्हणाला, "वस्ताद, आता मी शस्त्रपूजा करत नाई."

"नोको करू रे. मले काई नाई त्याचं. तू फक्त हात दे."

श्रावण शांतपणे म्हणाला, "तलवार आपली सगळ्यायची एकच होती वस्ताद. पाण्याचा माठ तेवढा माह्या एकट्याचा वेगळा होता."

माठ आम्ही ठेवला होता वेगळा. पण वस्ताद रोज त्याच्याजवळूनच जायचे की! श्रावणनं हात जोडले आणि गेला, तो पुन्हा आखाड्यात आला नाही. हा किस्सा निघाला की गोविंदा अजूनही कपातच पाहत बसतो.

* * *

पुढे काचबिंदूनं वस्तादांचे डोळे गेले. भर उन्हात समोर कोणी उभं राहिलं तर सावलीसारखं दिसायचं, तेवढंच. वर्ध्याच्या डॉक्टरनं हात टेकले.

त्या दसऱ्याला पट्टा चढवून वस्ताद अंगणात उभे राहिले. "आज शेवटचं लिंबू. हात द्या रे कोणी."

आम्ही चौघं होतो. मी गोविंदाकडे पाहिलं, गोविंदानं जमिनीकडे. आंधळ्या माणसाच्या पट्ट्याखाली हात! खरं सांगतो, लाज वाटते, माझा हात आपोआप पाठीमागे गेला.

"अरे, कोणी हाये का नाई?" वस्तादांचा आवाज फाटला.

तेव्हा सोनामाय दारातून उतरली. बांगड्या वाजू नयेत म्हणून वर सरकवल्या, त्यावर पदर घट्ट गुंडाळला. लिंबू उचलून तळहातावर ठेवलं आणि हात लांब केला. दुसऱ्या हाताचं बोट आमच्याकडे पाहून ओठांवर ठेवलं.

वस्तादांनी पट्ट्याच्या टोकानं लिंबू चाचपलं. एक पाऊल मागे घेतलं. सप्प!

लिंबाच्या दोन फाका खाली पडल्या. तळहातावर साधा ओरखडा नाही!

"शाबास रे पठ्ठ्या!" वस्तादांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "कोणाचा हात होता? बोला ना रे!"

सोनामायनं ओल्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तिनं हात जोडले आणि हलकेच दारात जाऊन उभी राहिली.

"माहा, वस्ताद," मी म्हणालो.

"इकडं ये."

गेलो. त्यांनी पट्टा उतरवला, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नाकाजवळ नेला. माझ्या हाताला लिंबाचा वास कुठून येणार! वस्तादांनी तो हात बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग पट्टा उचलून माझ्या हातात दिला आणि दाराकडे तोंड करून म्हणाले,

"अवं, हात धुऊन घे आता. आन् याले जेवाले वाढ."