खुर्चीवरचा रुमाल

रंगमंचावर एक बाई वीस मिनिटं एकाच साडीची घडी घालत होती आणि मोडत होती. माझ्या शेजारचे अनोळखी काका पुटपुटले, “अहो, ही बोलणार कधी?” मागून कुणीतरी “श्श!” केलं. मध्यंतरात अर्धं नाट्यगृह रिकामं झालं. काकाही “निघतो मी” म्हणून गेले. खुर्चीवर त्यांचा रुमाल तेवढा राहिला.

उठून जाणाऱ्यांचा मला राग येत नाही. जे कळत नाही त्याच्यासमोर गप्प बसून राहणं आपल्याला घरच्या माणसांच्या बाबतीत तरी कुठे जमतं?

तिसरी घंटा झाली आणि काका परत आले. “रुमाल राहिला होता,” मी न विचारताच ते म्हणाले. पडदा उघडला. बाईच्या हातात तीच साडी होती. काका तिच्याकडे बघत हळूच खाली बसले, त्या रुमालावरच.