ट्रॅक्टरवर ऐकलेला ‘आडसाली’

बारामतीजवळच्या पणदऱ्याच्या चार पोरांच्या रॉक बँडचा पहिलाच अल्बम आलाय, ‘आडसाली’. जवळपास दीड वर्ष शेतात उभ्या राहणाऱ्या उसाचं हे नाव, आणि अल्बमलाही तेवढाच वेळ लागला म्हणे. हेडफोनवर मला ड्रम जरा जास्तच आदळल्यासारखे वाटले. ड्रमर विकासला तसं कळवलं, तर तो म्हणाला, ट्रॅक्टरवर ऐकायला या. म्हणून पुण्याहून निघालो.

सोलापूरच्या एसटीने इंदापूरच्या अलीकडे, लोणी देवकरला उतरलो. विकास तिथल्या एमआयडीसीत कामाला आहे. पहिली पाळी सुटल्यावर त्याच्या मोटरसायकलवरून बारामती गाठली, स्टँडजवळ तिखट भेळ खाल्ली. उसाच्या हंगामात जाणार असाल तर दुचाकी सावकाश हाका, कारण जोडट्रॉल्या वळताना अख्खा रस्ता घेतात. बँडचा सराव गावच्या डेअरीत चालतो, सकाळ-संध्याकाळच्या दुधाच्या मधल्या वेळात. विकासच्या वडिलांनी, तात्यांनी, अजून एकही गाणं पुरतं ऐकलेलं नाही. त्यांनी अल्बम शेवटपर्यंत वाजू द्यावा, एवढंच त्याला हवं होतं.

पणदऱ्यात तात्या ट्रॅक्टरला उसाच्या ट्रॉल्या जोडून कारखान्याला निघण्याच्या तयारीत होते. आम्ही दोघं दोन मडगार्डवर बसलो. विकासने टेपला पेनड्राइव्ह लावला. हेडफोनवर आदळणारे ड्रम इथे इंजिनाच्या घरघरीतून जेमतेम वर येत होते, आणि छान वाटत होते. तीन गाणी झाली तरी तात्यांचा चेहरा कोराच.

चौथ्या गाण्यात ड्रम एकटेच घुमू लागले आणि तात्यांनी टेप बंद केला.

विकास माझ्याकडे बघून म्हणाला, “न्हाय आवडलं. ऱ्हाऊ द्या.” मलाही वाईट वाटलं.

पुढे एका घरासमोर माणसं गप्प बसली होती. ते घर मागे पडल्यावर तात्या विकासला म्हणाले,

“वरच्या आळीचं आबा गेलं दुपारी. मयताच्या दारावरनं वाजवत जात न्हाईत, ठावं न्हाय व्हय तुला?”

ठाऊक होतं त्याला, पण सकाळपासून कामावर असल्याने आबा गेल्याचं कळलं नव्हतं.

बरंच पुढे गेल्यावर तात्यांनी टेप सुरू केला. गाणं मध्येच लागलं.

“पहिल्यापासनं लाव,” ते म्हणाले.

पुण्यात परतल्यावर अल्बम हेडफोनवर पुन्हा ऐकला. ड्रम जास्तच आदळतात, हे माझं मत कायम आहे. विकासला फोन केला तेव्हा त्याने सांगितलं, पेनड्राइव्ह परत मागितला तर तात्या म्हणाले, “हंगाम सरू दे, मग बघू.”