चिंध्यांनी ओळखलेल्या तारा

त्या मोटारीच्या डाव्या दिव्यात उंदरांचं घरटं होतं. धुळकट काच पुसून मी आत डोकावले, तर वाळलेलं गवत, कुरतडलेल्या तारांवरचे सुती धागे आणि त्या मऊ बिछान्यात तीन गुलाबी पिल्लं... खंडाळ्याच्या एका बंद बंगल्यामागे, करवंदीच्या जाळीत, ती मालवाहू मोटार – पुढे दोघांपुरती बैठक, मागे लाकडी हौदा – किती पावसाळे भिजत उभी होती कोण जाणे. बंगल्याच्या मालकांनी ती माझ्या वडिलांना ‘घेऊन जा’ म्हणून देऊन टाकली. बैलजोडीने ओढत ती लोणावळ्याला आमच्या अंगणात आली आणि गंज, ओला पाला आणि जुनं तेल यांचा एक उग्र वास घरभर वस्तीला आला.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. घाटातली रेल्वे विजेवर धावू लागली तेव्हापासून ते तारांच्या कामावर होते. एका अपघातात त्यांचा उजवा हात भाजला, तीन बोटं वळेनाशी झाली आणि नोकरी गेली. तळेगावच्या काकांचं पत्र आलं – सगळे इकडेच राहायला या. काका मनाने चांगले होते. पण नाना त्या पत्राला उत्तर लिहीत नव्हते. त्याऐवजी ते रोज गाडीखाली जाऊन पडत.

जवळच्या औंढे गावचे आबा एकदा गाडी पाहायला आले. त्यांच्या गावचं दूध पहाटे लोणावळा स्टेशनात पोचवायला कुणीतरी हवं होतं. गाडीभोवती फेरी मारून त्यांनी टायरला काठी टोचली.

“नाना, ह्ये धूड चालतंय व्हय? का नुसतं पूजंला ठिवलंय?”

“इंजिन चालतंय, आबा. दिवे राहिलेत.”

“पहाटंच्या अंधारात दिव्याबिगर न्हाई जमायचं. दसऱ्याला सांजच्याला येतो. दिवं लागलं, तर समद्या गावाचं दूध तुमचं. न्हाई लागलं, तर आमची बैलगाडी हायेच.”

ते गेल्यावर आई म्हणाली, “ऐकलंत ना? आता अंथरूणही गाडीखालीच घाला.” पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून तीच पुढे झाली.

लढाईचे दिवस होते. रंगीत तारा बाजारात दिसत नव्हत्या. नानांच्या एका जुन्या सोबत्याने काळ्या तारेचं अर्धं रीळ दिलं. बॉनेटखाली बॅटरी, तिथून एका वाकड्या लोखंडी नळीतून चार तारा बैठकीसमोरच्या बटणांच्या पाटीपर्यंत आणायच्या होत्या. नानांची बोटं नळीपाशी अडत, माझी शिरत. मी दहा वर्षांची होते. चारही तारा काळ्याच, म्हणून आईने प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिंध्या बांधल्या. उजव्या दिव्याला तिच्या खणाची लाल, डाव्याला जुन्या लुगड्याची हिरवी, भोंग्याला पिवळी आणि बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तारेला नानांच्या धोतराची पांढरी.

नाना सांगत – वीज तारेने जाते आणि परत येताना गाडीच्या लोखंडातूनच येते. सगळी गाडीच तिची वाट! हे ऐकून मी कितीतरी वेळ त्या थंड पत्र्यावर तळवा टेकून बसले होते. आत काहीतरी परतताना जाणवेल, असं वाटत होतं.

खंडेनवमीला पाने, पकडी, पटाशी यांच्याबरोबर गाडीचीही पूजा झाली. पूजा माझ्याकडे होती. झेंडूचं फूल हळदीच्या पाण्यात बुडवून मी हात सैल सोडून ते पाणी शिंपडलं – चाकांवर, बैठकीवर, बटणांच्या पाटीवरही.

दसऱ्याच्या दुपारी नाना बॉनेटमध्ये वाकले आणि मी पाटीपाशी बसले. “पांढरी कुठली? ती पहिल्या बटणाला लाव.” मी पाहिलं. लाल होती, हिरवी होती... आणि दोन पिवळ्या. पांढरी नव्हतीच. माझ्या हळदीच्या पाण्याने ती पिवळी झाली, हे मला तत्क्षणी कळलं आणि सांगायचा धीर झाला नाही. दोन्हींतली एक उचलून मी बटणाला लावली. “लावली!” मी म्हणाले.

नानांनी बॅटरी जोडली. लोखंडी पाटीला टेकलेल्या दुसऱ्या तारेच्या उघड्या टोकातून ठिणग्या उडाल्या, नळीतून धूर आला, जळक्या सुताचा वास पसरला. नानांनी अधू हातानेच जोड ओढून तोडला.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मारलं नाही. ते एवढंच म्हणाले, “माहीत नाही, असं म्हणायचं. मी येऊन पाहिलं असतं.”

पांढरी तार जळून गेली होती. रीळ संपलं होतं. सूर्य ड्यूक्स नोजच्या सुळक्याकडे कलला होता. नाना पायरीवर जाऊन बसले. मग आईने विचारलं, “भोंग्याशिवाय गाडी चालते का?” नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते उठले. दिव्यांच्या तारा शाबूत होत्या, भोंग्याचीही. तीच बॅटरीला लागली. या वेळी प्रत्येक टोक त्यांनी स्वतः तपासलं.

आबा आले तेव्हा अंगणात संधिप्रकाश होता. नानांनी बटण माझ्याकडून दाबून घेतलं. उजव्या दिव्यातून आणि उंदरांचं घरटं होतं त्या डाव्या दिव्यातूनही प्रकाशाचा झोत निघाला आणि समोरच्या कुंपणावरच्या सोनकीचं एकेक फूल उजळलं... मी तळवा पत्र्यावर ठेवला. काही जाणवलं नाही. पण वीज आतून परत चालली होती, हे मला ठाऊक होतं.

“आन् भोंगा?” आबांनी विचारलं.

“भोंगा नाही,” मीच म्हणाले. “माझ्या चुकीनं.”

आबा हसले. दुसऱ्या पहाटे त्यांनी आपल्या बैलाच्या गळ्यातली घंटा आणून दिली. पुढची चार वर्षं दूध त्या घंटेच्या आवाजावर गोळा झालं. काकांच्या पत्राला नानांनी उत्तर लिहिलं – दोन ओळींचं, आम्ही इथेच राहतो म्हणून.

गाडी पुढे भंगारात गेली. नानाही गेले. घंटा माझ्या फाटकाला आहे. घरी विजेच्या तारांचं काम करायला येणारा मुलगा दरवेळी म्हणतो, “मावशी, बेल बसवून टाका ना.” मी त्याला तारांच्या टोकांना बांधायला चिंध्या देते. तो हसतो, पण बांधतो.